निमंत्रकाचं बटण

रेवसच्या रस्त्यावर, नाक्याच्या अलीकडे प्रज्योतचं छपाईचं दुकान आहे. दुकानात दोन कॉम्प्युटर. एकावर प्रज्योत स्वतः बसतो, गणपती फिरवतो, फुलांच्या वेली ओढतो, सोनेरी किनारी लावतो. दुसऱ्यावर कल्पिता घरत मॅटर टाइप करते, आणि त्या दुसऱ्याला हात लावायची कुणाची छाती नाही. लावून बघा. सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबाल, तर कागदावर 'सौ.' उमटेल. शोधायला कंट्रोल-एफ दाबाल, तर अख्खी कुलस्वामिनीची कृपा दोन ओळींत खाली उतरेल. म्हणाल, काय हा आगाऊपणा! पण बाईच तशी. तोंडाने फटकळ, हाताने चपळ, आणि एकदा एखादी गोष्ट स्वतःच्या सोयीने लावली की ती ब्रह्मदेव आला तरी हलवायची नाही.

हे खूळ तिने लावलं ते एका पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत लग्नाची पत्रिका छापायला कुणी फिरकत नाही. दुकानात माश्या मारत बसलेल्या कल्पिताला ऑप्शन्समध्ये हिंडता हिंडता कीबोर्ड कस्टमाइझ करायची ती खिडकी सापडली. त्यात एक रिकामी चौकट असते. हवी ती बटणं एकदम दाबायची, की खाली लिहून येतं, ही बटणं आधी कुणाला दिलेली आहेत ते. बस्स, एवढंच. जागा भरलेली आहे असं ते तोंडदेखलं सांगतं, अडवत मात्र नाही. तुम्ही असाइनवर क्लिक केलंत की जुना उठला आणि नवा बसला. कल्पिताला हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला असं ऑफिस भेटलं होतं, जिथे वशिला लागत नव्हता.

पत्रिकेतलं बरंचसं मॅटर ठरलेलं. 'आमचे येथे', 'ज्येष्ठ चिरंजीव', 'चि. सौ. कां.', 'शुभाशीर्वाद देण्यास अगत्य येणेचे करावे', तेच ते. एकेक तुकडा तिने साठवला आणि एकेक बटणाला बांधला. पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. प्रज्योत तिच्या जागेवर बसून बैलगाड्यांच्या शर्यतीचं पत्रक सेव्ह करायला गेला, घाईत न बघता दोनदा कंट्रोल-एस दाबलं, आणि पत्रक तसंच छापलं गेलं. किनाऱ्यावरच्या एका झुपकेदार मिशीवाल्या गाडीवानाच्या नावाआधी 'सौ. सौ.' लागलं. तो माणूस आसूड घेऊनच दुकानात आला. प्रज्योतने हातापाया पडून त्याला चहा पाजला, आणि मग कल्पिताला म्हणाला, काकी, निदान एस तरी परत करा. काकी म्हणाली, सेव्ह करायला तुला माउस दिलाय ना देवाने? एस माझा.

तर या सगळ्या बटणांत कंट्रोल-एन होता निमंत्रकाचा. तो दाबला की पत्रिकेच्या मजकुराखाली मोठ्या अक्षरांत 'निमंत्रक' यायचं, त्याखाली 'श्री.' यायचं, आणि 'श्री.'च्या पुढे कर्सर लुकलुकत उभा राहायचा, नाव सांगा म्हणून. आमच्या पट्ट्यात निमंत्रक म्हणजे घरातला वडील पुरुष. बाप असेल तर बाप, बाप गेला असेल तर काका, काका नसेल तर चुलतभाऊ, पण 'श्री.' पाहिजे. हल्ली काही घरं आईचं नाव घालतात, नाही असं नाही, पण ती सवाष्ण असली तर. विधवेचं नाव शुभकार्याच्या कागदावर कशाला, असं कुणी तोंडाने बोलत नाही. ते आपोआप राहून जातं. कितीतरी बायका दिराला पुढे घालून त्या दुकानात आल्या, बाकड्यावर पदर सावरून बसल्या, आणि कल्पिताने मान वर न करता एन दाबला. तीही बिचारी काय करणार, गिऱ्हाईक सांगेल ते टाइप करायचं, दुकानाची रीतच ती.

मग तिच्याच अमिषाचं लग्न ठरलं.

कल्पिताचा नवरा सुजित ट्रक चालवायचा. अमिषा बालवाडीत असताना तो वडखळच्या पुढे अपघातात गेला. त्यानंतर पोरीचं शिक्षण, तिची आजारपणं, तिचे हट्ट, सगळं या बाईने त्या खुर्चीत बसून निभावलं. घरी सासू काशी. तीही तरणीताठी असताना विधवा झालेली, मिठागरावर राबून दोन मुलगे वाढवलेली. थोरला चांगदेव शेजारच्या दारात. चांगदेव माणूस वाईट नव्हे बरं का. भावाच्या मागे त्याने या घरावर लक्ष ठेवलं, कौलं शाकारली, दवाखान्यात धावला. अमिषाला बघायला नवऱ्या मुलाकडची, दिपेशकडची, माणसं मांडव्याहून आली तेव्हा त्यांच्याशी बोलणी त्यानेच केली. त्यामुळे पत्रिकेचं मॅटर सांगायलाही तोच आला आणि कल्पितासमोर खुर्ची ओढून बसला.

त्याने सांगायला सुरुवात केली आणि तिची बोटं चालू लागली. कृपा उतरली. 'कै. सुजित घरत यांची सुकन्या' झालं. दिपेशचं, त्याच्या आईबापाचं, गावाचं नाव झालं. मग चांगदेव म्हणाला, घे, आता निमंत्रक. तिने सवयीने एन दाबला. 'निमंत्रक' आलं, 'श्री.' आलं, आणि कर्सर लुकलुकायला लागला.

कल्पिताचे हात थांबले. हा 'श्री.' तिनेच तिथे बसवला होता, स्वतःच्या हाताने, आपले टाइपिंगचे कष्ट वाचावेत म्हणून. चांगदेवने स्वतःचं नाव सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग विचारलं, ऐकू येत न्हाय काय? तिने विचारलं, माझं नाव कुठे येतंय? तो गोंधळला. खरंच त्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं. खाली बायकांची नावं असतात ना, म्हणाला, आणि मग स्वतःच थांबला, कारण खाली असतात त्या सगळ्या 'सौ.' असतात. म्हणजे पोरीच्या पत्रिकेत आईचं नाव वर नाही, खाली नाही, कुठेच नाही.

"मेलेल्याचं नाव छापायचं आणि जित्याचं न्हाय," कल्पिता म्हणाली. "ही कुठली रीत, भावजी?"

चांगदेवने तिला समजावलं. अगदी शांतपणे समजावलं, ते तिला जास्त झोंबलं. तुझ्या मनात काय ते मला कळतं, पण घरातलं मोठं माणूस निमंत्रक असतं, भावकी काय म्हणेल, दिपेशकडची माणसं काय म्हणतील, शुभकार्याला गालबोट कशाला. कल्पिताने बॅकस्पेस दाबून त्याच्यादेखत 'श्री.' पुसला. हे मी टाइप करणार न्हाय, म्हणाली, आणि मॉनिटर बंद करून डबा खायला बसली. अजून साडेअकराही वाजले नव्हते, पण राग आला की तिला भूक लागते.

चांगदेव उठून गेला, पण गप्प बसला नाही. अमिषाच्या साड्या घ्यायला कल्पिता अलिबागला गेली तो दिवस धरून तो परत दुकानात आला. प्रज्योत म्हणजे गरीब गाय. लग्नसराई तोंडावर, गिऱ्हाईक समोर, आणि काकी जागेवर नाही. तो तिच्या कॉम्प्युटरवर बसला आणि त्याची फजिती सुरू झाली. सेव्ह करतोय तर सौ., शोधतोय तर कुलस्वामिनी. चांगदेव वरून बघतोय. शेवटी प्रज्योत वैतागला, त्या कस्टमाइझच्या खिडकीत शिरला आणि त्याने 'रिसेट ऑल'वर क्लिक केलं. नक्की का, असं कॉम्प्युटरने विचारलं. प्रज्योत म्हणाला, नक्की. मग त्याने सगळं मॅटर हाताने टाइप करून चांगदेवला हवं तसं प्रूफ काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कल्पिता आली. प्रूफ टेबलावरच होतं. तिने ते वाचलं, पालथं ठेवलं. खुर्चीत बसली, कॉम्प्युटर लावला, आणि कंट्रोल-एन दाबला. निमंत्रक आला नाही. त्याऐवजी एक कोरं पान उघडलं. तिने एस दाबला, एफ दाबला. एकही बटण तिचं राहिलं नव्हतं.

तेव्हा ती जी भडकली! प्रज्योतला त्याच्या जन्मापासूनचं सगळं ऐकवलं. तुझ्या वडिलांच्या वेळेपासून मी या खुर्चीत आहे, तू चड्डीत फिरत होतास तेव्हा तुझी शाळेची प्रगतिपुस्तकं मी जपलीत, आणि तुला एका दिवसात माझी सगळी बटणं पुसावीशी वाटली? प्रज्योत म्हणाला, काकी, दुकान आहे, गिऱ्हाईक म्हणेल ते छापावं लागतं, मी कुठे कुठे भांडू? आणि हेही म्हणाला, जरा हळू, की मशीन दुकानाचं आहे.

"मशीन तुझं, बोटं माझी," कल्पिता म्हणाली. "दोन्ही पाहिजेत की एकच, ते ठरव. मी बसलेय."

प्रज्योतने ठरवलं नाही, पण तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला, म्हणजे ठरवलंच. कल्पिता पुन्हा त्या खिडकीत शिरली. साठवलेले तुकडे शाबूत होते, फक्त बटणं सुटली होती. एकेक तुकडा उचलून तिने एकेक बटणाला परत बांधला. सौ. एसला. कृपा एफला. शेवटी एन राहिला. एनवर सध्या कोरं पान आहे, असं कॉम्प्युटर सांगत होता. मघाशी उघडलेलं ते पान मागे तसंच होतं. तिने जुना तुकडा काढला, त्यातला 'श्री.' कायमचा कापला, आणि नुसतं 'निमंत्रक' ठेवून खाली जागा मोकळी सोडली. मग असाइन केलं. मनात म्हणाली, आता जो येईल त्याला विचारायचं, गृहीत धरायचं नाही.

आणि पहिल्यांदा तिने स्वतःलाच विचारलं. घरातलं मोठं माणूस निमंत्रक असतं ना, भावजी? मग घरात मोठं कोण?

संध्याकाळी घरी जाऊन तिने सासूला नवं प्रूफ वाचून दाखवलं. निमंत्रक, श्रीमती काशी अंबाजी घरत. त्याखाली श्रीमती कल्पिता सुजित घरत. त्याखाली श्री. चांगदेव अंबाजी घरत. काशीने सुपातले तांदूळ खाली ठेवले. परत वाच, म्हणाली. कल्पिताने परत वाचलं.

"जल्ला," म्हातारी म्हणाली, "मना वाटलं, नाव छापतात ते मेल्यावरच."

मग ती हसली. तिच्या दोन्ही मुलांची लग्नं झाली तेव्हा ती मांडवाच्या मागे भाताच्या टोपांशी होती. पत्रिका तिला कुणी दाखवलीही नव्हती. तेव्हा तिला त्याचं काही वाईट वाटलं नव्हतं, आज वाटलं. कल्पिताला वाटलं होतं, म्हातारी घाबरेल, नको म्हणेल. म्हातारीने विचारलं, प्रूफ घेऊन भावकीत कधी जायचं?

आमच्याकडे निमंत्रकाखाली सगळ्या भावकीची नावं छापतात, म्हणून प्रूफ घरोघर फिरतं. फार पूर्वी कुणाचं तरी नाव राहिलं आणि हळदीच्या दिवशी मांडवात खुर्च्या उडाल्या, तेव्हापासूनची ही रीत. छापण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव बघायचं. आणि गंमत अशी, की जो तो फक्त आपलंच नाव बघतो. बोट थेट आपल्या ओळीवर जातं, शेजारच्याच्या आधी आहे की नंतर तेवढं तपासतं, आणि मान हलते. कल्पिताने ठरवलं असतं तर वरची तीन नावं कुणाच्या लक्षातही आली नसती. सगळ्यांनी माना हलवल्या असत्या आणि पत्रिका छापून मोकळी झाली असती. पण चोरून छापायचं असतं तर तिला एवढा तमाशा कशाला हवा होता?

सासू पुढे, सून मागे, अशा त्या निघाल्या. प्रत्येक दारात तेच. माणसाने आपलं नाव शोधलं, मान हलवली, प्रूफ परत द्यायला लागला, की कल्पिता म्हणायची, आता वरचं वाचा. मोठ्याने वाचा. तो वाचायचा. वाचता वाचता आवाज खाली यायचा. समोर काशी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी. मिठागरात उभं आयुष्य काढलेल्या त्या पायांना बसायची सवयच नव्हती. तिच्या तोंडावर तिचं नाव खोडा म्हणायला कुणाची जीभ उचलेना. एकाने विचारून बघितलं, चांगदेवला हे माहीत हाय का? कल्पिता म्हणाली, तिकडेच चाललोय. एका घरातली म्हातारी मात्र आतून ओरडून म्हणाली, मेल्यांनो, वाचा की नीट, मला ऐकायचंय.

शेवटचं घर चांगदेवचं. त्याने कागद घेतला आणि वरूनच वाचायला सुरुवात केली. त्याची बायको सोनल ओट्याशी उभी होती, तिने गॅस बारीक केला. चांगदेवचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्याला आईचं नाव खटकलं नव्हतं, म्हणाला. पण मी तिसरा? या घरासाठी मी काय नाही केलं? आणि ते खरंच होतं, म्हणून त्याला जास्त लागलं होतं. कल्पिता म्हणाली, केलंत, कोण नाही म्हणतंय, म्हणून तर तुमचं नाव आहे. माझं तर कुठेच नव्हतं. चांगदेव म्हणाला, हे असं छापायचं नाही.

काशीने कमरेची चंची सोडली, पान काढलं, आणि न बघता म्हणाली, "नको तर काप. पन माजं नाव तुज्या हातान काप. मी हितं उभी हाय."

चांगदेवने पेन घेतलं. ते त्याने आईच्या नावाच्या ओळीवर धरलं. मग ते खाली आलं, आणि त्याने फराफरा स्वतःचं नाव खोडलं. तिसरं नाव नकोच मला, म्हणाला, आणि कागद कल्पितासमोर टाकला. आता ही मनधरणी करेल, हात जोडेल, भावजी पहिलं नाव घ्या म्हणेल, असं त्याला वाटलं असणार. त्याने इतकी वर्षं तिला बघितलं होतं, तरी त्याला ते वाटलं.

कल्पिताने कागद उचलला, घडी घातली आणि बरं म्हणाली.

पत्रिका तशीच छापली गेली. निमंत्रक म्हणून दोन बायकांची नावं, दोन्ही श्रीमती, आणि तिसरं कुणी नाही. प्रज्योतने तिला सगळ्यात भारी सोनेरी किनार लावली.

लग्नाच्या दिवशी चांगदेव रुसूनही राबत होता. मांडव त्यानेच घातला, पाणी त्यानेच आणलं, वाढप्यांवर तोच खेकसत होता. रीतीप्रमाणे पाहुणे आले की आधी निमंत्रकाला भेटतात, आलो बरं का म्हणून हात जोडतात. सवयीने जो तो चांगदेवकडेच जायचा. आणि तो घुश्शात हात झटकून म्हणायचा, मला काय भेटता, पत्रिकेत ज्यांचं नाव हाय त्यांना भेटा. असं करून त्याने अख्खं वऱ्हाड, सगळी भावकी, आमदारकीच्या खटपटीतला एक पुढारीसुद्धा मांडवाच्या तोंडाशी पाठवला. तिथे काशी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसली होती आणि शेजारी कल्पिता उभी होती. दोघींचे हात जोडून जोडून दुखले. कन्यादानाच्या वेळी कल्पिता रडली, पण मांडवातून हलली नाही.

होळीनंतर एके दिवशी चांगदेव दुकानात आला. त्याच्या मुलाचं, निकेशचं, लग्न ठरलं होतं. सोनल बरोबर होती, ती दाराजवळच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. चांगदेवने कल्पितासमोर खुर्ची ओढली, घसा खाकरला, आणि मॅटर सांगायला लागला. कृपा उतरली. निकेशचं नाव झालं, मुलीचं झालं. मग कल्पिताने एन दाबला. 'निमंत्रक' आलं, आणि त्याखालच्या मोकळ्या जागेत कर्सर लुकलुकायला लागला.

घरात मोठं कोण, तिने विचारलं. चांगदेव रस्त्याकडे बघत म्हणाला, आयस. तिने श्रीमती काशी अंबाजी घरत टाइप केलं. मग? मग मी, तो म्हणाला. तिने तेही टाइप केलं, नीट, पूर्ण नावानिशी.

"मग?" कल्पिताने विचारलं.

बायकांची नावं खाली असतात ना, असं काहीतरी चांगदेव पुटपुटला. बाकड्यावर सोनलने पिशवी बाजूला ठेवली होती आणि ती स्क्रीनकडे बघत होती. तिकडे प्रज्योतनेही फुलांची वेल ओढायची थांबवली. कल्पिताने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

"बसा, भावजी," ती म्हणाली. "मला काही घाई न्हाय."